पाण्याच्या छताखाली

आमचे शहापूर वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या आणि मामा तलावांच्या भंडारा जिल्ह्यात. भोवती एवढे पाणी. पण पाण्यावर फिरणारे जाते मी लहानपणी कधी पाहिले नाही. आई पहाटे हाताने दळायची, पुढे विजेची गिरणी आली. युरोपात जुन्या पाणचक्क्यांची राहती घरे केल्याचे वाचले, तेव्हा प्रश्न पडला : चक्की आणि घर एकत्र नांदले, अशी वास्तू आपल्याकडे आहे का? मी शिकलेला वास्तुविशारद नाही; पण वाचत, पाहत गेलो आणि उत्तर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पाणचक्कीत सापडले.

आधी चाकाचा फरक समजून घेऊ. युरोपातले परिचित चाक उभे असते. त्याची गती आडव्या दगडाला द्यायची तर मध्ये दातेरी चाके लागतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने अशा रचनेचे वर्णन केले आहे. या यंत्रणेला आणि धान्याच्या साठ्याला जागा हवी, म्हणून तिथल्या अनेक चक्क्या मजल्यांच्या झाल्या. दळण थांबले की त्या मजल्यांत बिऱ्हाड थाटता येते. आपली पाणचक्की आडव्या चाकाची. खाली पाती, मधोमध उभा कणा, वर जात्याची तळी. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. तिला एक खोली पुरते. त्या खोलीचे घर होत नाही. घर तिच्याभोवती उभे राहते.

खाम नदीकाठी तेच घडले. औरंगजेबाच्या काळातले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि खानकाह इथे आहे. खानकाह म्हणजे साधकांचे राहते घर. फकीर, विद्यार्थी, वाटसरू यांच्या मुक्कामाची जागा. एवढ्या तोंडांना पीठ हवे. निजामाचा सरदार तुर्कताज खान याने १७४४च्या सुमारास इथे पाण्याची सोय केली, असे मानले जाते.

शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून कित्येक किलोमीटर येते. सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरात नहरींची जी विद्या रुजवली, तिचाच हा पुढचा धडा. उगम उंचावर असल्यामुळे बंद नळातले पाणी दाबाने विटा-चुन्याच्या उंच मनोऱ्यात चढते आणि तिथून खाली पडते. त्या पडण्यात किती बळ असते? समजा, सेकंदाला १० लिटर पाणी ५ मीटरवरून पडले, तर सुमारे ४९० वॅट शक्ती मिळते. निम्मी वाया गेली तरी उरलेली तीन माणसांच्या सततच्या मेहनतीएवढी. कारण तासन्‌तास दळणारा माणूस जेमतेम ७५ वॅट देतो. माझ्या आईच्या पहाटा मी या हिशेबात मोजतो.

मला सर्वांत भावले ते समोरच्या लांबट हौदाचे तळ. तो तळ खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. पाण्याचा भार जाडजूड खांबांनी तोलला आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी उष्णता शोषते, बाष्प होताना ती घेऊन जाते आणि खालचे दालन गार राहते. दळण, कारंजी, हौद, गारवा ही सारी कामे एकाच पाण्याची. इथे पाणी हेच बांधकामाचे साहित्य आहे, दगड-चुन्याइतकेच.

म्हणूनच काळजी वाटते. भिंती आणि चाक जपता येतील. पण खापराच्या नळांच्या वाटेवर शहर वाढते आहे. एखाद्या पायाखाली नळ फुटला, तर दर्ग्याच्या आवारातला एकही दगड न हलता वास्तूचा एक भाग पडलेला असेल. तो पडल्याचे दिसणारही नाही.

आमच्याकडेही तलावाची पाळ सगळ्यांना दिसते; त्यात पाणी आणणारा ओहोळ मात्र कुणाच्या तरी बांधकामात बुजतो. मग भर पावसाळ्यात तलाव अर्धाच भरतो आणि आपण पावसाला बोल लावतो. पाण्याची वास्तू जपायची, तर तिचे मोजमाप उंबरठ्यापासून नव्हे, उगमापासून सुरू करावे लागते.