सांथींत जंतु कोठें गेले?

१९१८ च्या जून महिन्यांत इन्फ्लुएंझाची सांथ मुंबई बंदरांत उतरली व पुढें देशभर पसरली. त्या सांथींत जे दगावले त्यांपैकीं बहुतेकांचा घात एकट्या विषाणूनें केला नाहीं. त्यानें फुप्फुसाचें द्वार उघडून दिलें आणि न्यूमोकॉकस आदिकरून जंतु आंत शिरले.

२०२० सालीं कोरोना आला तेव्हां तोच प्रकार पुन्हां घडेल, अशी भीति वाटणें साहजिक होतें. घडलें मात्र उलट! २६ देशांतील प्रयोगशाळांनीं नोंदी ताडून पाहिल्या. न्यूमोकॉकस, हिमोफिलस व मेनिंगोकॉकस हे जंतु रक्तांत किंवा मेंदूच्या आवरणांत शिरून जो घोर आजार करितात, तो एकाएकीं ओसरला होता. न्यूमोकॉकसचा आजार तर निर्बंधानंतर आठ आठवड्यांत सुमारें ८२ टक्क्यांनीं घटला. लोक इस्पितळांत जाण्यास भ्याले म्हणून आंकडे घटले, अशी शंका चतुर वाचक घेतीलच. परंतु श्वासावाटे न पसरणाऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकसची नोंद त्याच प्रयोगशाळांत पूर्ववत् होत होती. तेव्हां ती शंका फारशी टिकत नाहीं.

मग जंतु गेले कोठें? कोठेंच नाहींत. इस्राएलांत मुलांच्या नाकाघशाची तपासणी झाली, तींत न्यूमोकॉकस जवळजवळ पूर्वींइतकाच आढळला. नव्हते ते त्याचे सोबती, म्हणजे सर्दीतापाचे नेहमींचे विषाणु. शाळा व बाजार बंद, म्हणून ते फिरेनात. आणि वाट उघडणारा कोणी नाहीं म्हणून हा जंतु नाकांतच स्वस्थ बसला. आमच्या सिद्धेश्वरास पूर्णेचें पाणी धरणानें अडतें. दारें मिटलीं म्हणून नदी आटली, असें येथलें पोरहि म्हणणार नाहीं. निर्बंध उठतांच २०२१ सालीं इंग्लंडांत मुलांचा हा आजार पुन्हां वाढला.

आपल्याकडे याच काळांत लसीकरण चुकलें, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें, घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लशीचा पहिला डोसहि न मिळालेलीं बालकें २०१९ सालीं भारतांत १४ लाख होतीं. २०२० सालीं तीं ३० लाखांवर गेलीं. हिमोफिलसची लसहि याच टोंचणींत असते. सुदैवानें डिसेंबर २०२० मध्यें पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोकॉकसवरील लस निघाली, आणि २०२१ सालीं ही लस सरकारी कार्यक्रमांत देशभर आली. ती दीड महिन्यांनीं, साडेतीन महिन्यांनीं व नवव्या महिन्यांत मोफत टोंचतात.

एकत्र कुटुंबांत आजोबांच्या मांडीवर नातू असावयाचाच, आणि त्याच्या नाकांतील जंतु आजोबांकडे जावयाचेच. अमेरिकेंत २००० सालीं बालकांस ही लस सुरू झाल्यावर, ती न टोंचलेल्या वृद्धांतहि हा आजार कमी झाला.