कान्हेरीपाशी संपणारा रस्ता

रस्ता म्हटला म्हणजे तो एका गावाहून निघून दुसऱ्या गावास, एका नाक्यावरून पुढल्या नाक्यास पोहोचविणारा असला पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कसारख्या वस्तीत राहणाऱ्याच्या मनात ती दृढ होण्यास कारणही भरपूर आहे. एका अंगास भाईंदर, दुसऱ्या अंगास काशीमिरा, डोक्यावर मेट्रोचा पूल आणि थोड्याच अंतरावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग व घोडबंदर रस्ता यांचा संगम, अशा ठिकाणी प्रत्येक वाट दुसऱ्या कोणत्या तरी वाटेस मिळण्याच्या घाईत असते, आणि त्या घाईचा धूर व कर्कश भोंगे रस्त्याच्या दुतर्फा राहणाऱ्यांच्या वाट्यास येतात. परंतु त्याच काशीमिऱ्याच्या पाठीशी जो डोंगर उभा आहे, त्याच्या कुशीत एक असा डांबरी रस्ता आहे की जो बोरिवलीच्या फाटकापाशी सुरू होतो, सुमारे सहा किलोमीटर अरण्यातून चालतो आणि कान्हेरीच्या लेण्यांशी येऊन निमूटपणे संपतो. पुढे वाहनास वाट नाही. बांधकाम खात्याच्या दृष्टीने कदाचित हे रस्त्याचे अपुरेपण ठरेल. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र हेच त्याचे ऐश्वर्य होय.

याचे कारण उघड आहे. रहदारी म्हणून आपण ज्या आपत्तीस ओळखतो, तिचा मोठा भाग ज्यांना त्या ठिकाणी काहीच कर्तव्य नाही अशा, केवळ पलीकडे जाऊ पाहणाऱ्या लोकांचा असतो. कान्हेरीच्या रस्त्यावर उद्यानाची बस जाते, वनखात्याची जीप जाते, क्वचित आणखीही एखादे वाहन आढळते. पण ठाण्यास लवकर पोहोचावे म्हणून तेथून मोटार दामटणारा मनुष्य औषधालाही सापडत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी पाहणारे भाड्याच्या सायकलीवरून हिंडतात; आपल्या माथेरानात मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते, मात्र तेथला जुना मान सायकलीचा नसून घोड्याचा आहे. इटलीच्या आल्प्स पर्वतात स्टेल्व्हिओ नावाची 2757 मीटर उंचीची खिंड आहे. तिच्यावरून जाणारा वळणावळणांचा रस्ता ऑस्ट्रियाच्या बादशाही अमलात बांधला गेला, 1935 साली त्या प्रदेशात राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आता वर्षातून एक दिवस तो सारा रस्ता मोटारींना बंद करून सायकलस्वारांच्या स्वाधीन करण्यात येतो. त्या एका दिवसासाठी देशोदेशींचे लोक तेथे लोटतात. आपल्याकडे तशाच प्रकारचे सुख, उंचीच्या मानाने पुष्कळच लहान प्रमाणात का होईना, आठवड्यातील सहा दिवस उपलब्ध आहे, आणि त्याची वार्ता शेजारच्या मीरा रोडला पुरती लागलेली दिसत नाही.

सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे उद्यान साष्टी बेटाच्या मध्यावर पसरले असून त्याचा काही भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात व काही ठाणे जिल्ह्यात मोडतो. आधी कृष्णगिरी उपवन, मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अशी त्याची नावे बदलत गेली. एवढ्या मोठ्या नगराच्या ऐन मध्यभागी अरण्य टिकले कसे, याचे उत्तर बव्हंशी पाण्यात आहे. 1860 साली विहार तलाव पुरा झाला, 1879 साली तुळशी तलाव झाला, आणि मुंबईस पाणी पाजावयाचे तर या तलावांच्या भोवतालची डोंगरझाडी राखली पाहिजे, हे व्यवहारी शहाणपण राज्यकर्त्यांना निसर्गप्रेमाच्या पुष्कळ आधी सुचले. पुढे शहर वाढले तशी वनाच्या हद्दीत घरे शिरली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 1997 साली अतिक्रमणे दूर करण्याचा हुकूम झाला. नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा येथील आदिवासींची वहिवाट या साऱ्या कज्जेदलालीहून जुनी आहे, एवढे मात्र सायकलस्वाराने त्यांच्या दारावरून जाताना ध्यानी बाळगावे.

आणि गंमत अशी की, आज जो रस्ता कान्हेरीशी खुंटतो, त्या कान्हेरीचे भाग्य एके काळी चालू रहदारीवरच उभे होते. सोपारा आणि कल्याण या दोन संपन्न बंदरांच्या टापूत हा डोंगर येत असल्यामुळे श्रेष्ठी, सार्थवाह आणि भिक्षू यांची ये-जा येथे सतत असे. लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, नाशिकच्या दात्यांची नोंद आहे, कोणी लेणे खोदविले, कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी कायमची ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांची तजवीज केली. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे हा राबता चालू राहिला आणि काळ्या पाषाणात शंभरांहून अधिक लेणी कोरली गेली. त्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत भव्य. परंतु मला विचाराल तर, सायकल खाली ठेवून वर चढणाऱ्याने आधी पाहावे ते लेण्यांच्या अंगणातील पाण्याचे काम: कातळावर कोरलेल्या बारीक पन्हळी, त्यांतून पावसाचे पाणी वाहत येऊन प्रत्येक विहाराच्या टाक्यात उतरावे अशी केलेली उतरती योजना, आणि टाक्याच्या काठास शतकानुशतके पाणी काढून आलेली झीज. विहार आणि तुळशीच्या बांधणाऱ्यांनी जे विस्तीर्ण प्रमाणावर केले, तेच येथे भिक्षूंनी छिन्नीने, एकेका कोठडीपुरते, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी साधले होते. लेण्यांत पहलवी लिपीतील लेखही आहेत, इ. स. 1009 आणि 1021 या सालांत येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी ते कोरून ठेवले.

पारशांचा उल्लेख निघालाच आहे तर सायकलीच्या इतिहासातील त्यांचा वाटाही सांगून टाकतो. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून 1928 साली परतले. त्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते, इराणच्या वाळवंटात दुरुस्तीचे दुकान नव्हते. पुढे सायकल हे कारकुनाचे, दूधवाल्याचे आणि विद्यार्थ्याचे वाहन झाले, तासाच्या भाड्याने मिळू लागले, दिव्यावाचून किंवा डबलसीट गेल्यास दंडास पात्र ठरू लागले, आणि प्रवासाचे साधन म्हणून तिची जी प्रतिष्ठा या तिघांनी मिळविली होती ती हळूहळू विस्मृत झाली.

आता प्रत्यक्ष रस्त्याविषयी. स्वतःची सायकल असल्यास तिचे प्रवेशशुल्क भरून ती आत नेता येते. नसल्यास उद्यानात भाड्याने मिळते. भाड्याची सायकल घेताना रंगास भुलू नये. सीट आपल्या कमरेच्या उंचीस लावून घ्यावी, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी, ब्रेकचे रबर झिजून धातू दिसत असेल तर ती तशीच परत करावी. कारण जाताना जो चढ आपली परीक्षा पाहतो तोच परतताना उतार होतो, आणि तेथे ब्रेकच्या जागी पश्चात्ताप कामी येत नाही. आरंभीचा भाग सपाटीचा, फिरावयास आलेल्या कुटुंबांनी गजबजलेला असतो. दहिसर नदीचे खडकाळ पात्र सोबतीस येते; तुळशीकडून उगम पावणारी ही नदी पुढे वस्तीत शिरल्यावर तिची काय दशा होते हे दहिसरकरांस ठाऊक आहे, पण येथे तिचे पाणी अजून पाणीच आहे. गर्दी मागे पडली की झाडी रस्त्यावर ओणवते: साग, ऐन, कळंब, हेद, पळस, आणि मधूनच कांडोळाचे पांढरेफेक खोड.

शेवटच्या टप्प्यास चढ खरा जाणवू लागतो. येथे उभे राहून पायडल मारण्याचा मोह अनेकांस होतो; तो आवरावा, गिअर हलका करावा, श्वास आणि पाय यांची एक चाल जमवावी आणि पुढच्या वळणाकडे न पाहता चाकाखालच्या हातभर डांबराकडे पाहावे. मोटारीतील मनुष्यास हे अरण्य एक हिरवा पडदा म्हणून दिसते, पायी चालणाऱ्यास ते फार थोडे पाहून होते; सायकलीचा वेग या दोहोंच्या मधला, आणि तिचा आवाज जवळजवळ नाहीच. म्हणून तांबटाची एकसुरी ठोक-ठोक, सातभाईंचा कलकलाट, भृंगराजाने केलेली इतर पक्ष्यांची नक्कल ही सारी कानावर पडतात, आणि चितळांचा कळप मान वर करून पाहतो तो पळण्याच्या आधी क्षणभर थांबतो. परतताना उतारावर पाय थांबले की फ्रीव्हीलची कटकट सुरू होते, आणि तेवढ्याने देखील तो कळप उधळतो.

पावसाळ्यात हा रस्ता सर्वांत देखणा आणि सर्वांत फसवा असतो. कडेला शेवाळ धरते, ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, वळणावर पानांचा चिखल साचतो. कारवी मात्र प्रत्येक पावसाळ्यात भेटत नाही: आठ वर्षांनी एकदा ती फुलते आणि सारा उतार जांभळा करून वाळून जाते. येथे ती 2016 मध्ये फुलली, 2024 मध्ये फुलली. पुढचा हिशेब वाचकांनीच करावा. बिबट्याचे म्हणाल तर हा मुलूख त्याचाच आहे, आणि बिबट्यांच्या दाट वस्तीबद्दल हे उद्यान जगभर ओळखले जाते. त्याचा वावर विशेषेकरून सांज-पहाटेचा असल्यामुळे फाटकाच्या वेळा पाळणे, लहान मुलांस पुढे एकटे न सोडणे आणि आडरानात न शिरणे एवढी सावधगिरी पुरे. उपद्रव द्यावयाचाच झाला तर तो लेण्यांपाशी माकडे देतात. पिशवीतील खाऊ त्यांना आपल्या आधी कळतो.

राहिला प्रश्न सिल्व्हर पार्कहून तेथवर जाण्याचा, आणि येथे लेखकाची कैफियत आहे. अंतर आठ-नऊ किलोमीटरांहून अधिक नाही. पण ते काशीमिरा, दहिसरचा नाका आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांतून कापावयाचे, अवजड ट्रकांच्या बाजूने, धूळ खात, आणि पुलाच्या तोंडाशी जीव मुठीत धरून. म्हणजे जो मनुष्य निर्वेध सायकलप्रवासासाठी घराबाहेर पडला, त्याने आधी या परगण्यातील सर्वांत निर्दय रस्ता ओलांडून आपली पात्रता सिद्ध करावी! शहाणे लोक सायकल घरी ठेवून लोकलने बोरिवलीस उतरतात आणि भाड्याची सायकल घेतात. मीही त्यांना तोच सल्ला देईन, पण तो सल्ला द्यावा लागणे ही काही नगररचनेची शोभा नव्हे. उद्यानाच्या खालून ठाणे-बोरिवली असा सुमारे 11.8 किलोमीटरचा जुळा बोगदा-मार्ग मोटारींसाठी करण्यास ज्या यंत्रणेजवळ द्रव्य व धैर्य आहे, तिला काशीमिऱ्यापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत कठडा घातलेली दोन हात रुंदीची सायकलवाट अशक्य असावी असे मानण्यास मी तयार नाही. मीरा-भाईंदर महानगरपालिका आणि महामार्गाचे खाते यांनी एकत्र बसून ही तजवीज करावी. चेन्याच्या बाजूने उद्यानात सायकलीस नवी वाट मात्र मागू नये, कारण तिकडील शांतता ही जनावरांची मिळकत आहे आणि ती त्यांच्याच नावे राहणे उचित आहे.

तोवर वाचकांनी रविवारची गर्दी टाळून एखाद्या साध्या वारी, सकाळी फाटक उघडताच जावे. पाण्याची बाटली प्लास्टिकची नको, पंक्चरचे सोल्यूशन व हवेचा छोटा पंप बरोबर असावा. आणि सोमवारी जाऊ नये: त्या दिवशी उद्यान बंद असते.