परिचारिका ते फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर सर्व वयांचे रुग्ण तपासते, निदान करते, औषधे लिहून देते. नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी घडवली. ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही तिची सर्वोच्च पदवी रुग्णसेवेची आहे, पीएच.डी. संशोधनाची.

भारतात बी.एस्सी., एम.एस्सी. नर्सिंग आणि पुढे पीएच.डी. असा क्रम आहे. नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण तो अतिदक्षता विभागासाठी. कुटुंबांची सेवा करणाऱ्या अशा परिचारिकांचीही मोठी गरज आहे.

ही गरज खाणींच्या गावांत दिसते. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या भरवेलीत मॉयल या सरकारी कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आहे. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्था बिघडू शकते. हाताचा कंप, चालीतला बदल ही लक्षणे घराघरांत नियमित जाणारी प्रशिक्षित परिचारिका लवकर हेरू शकते. अशा गावांत या भूमिकेच्या सर्वांत जवळचे पद म्हणजे आयुष्मान भारत योजनेतला समुदाय आरोग्य अधिकारी. रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि ठरावीक औषधे देणे त्याच्याकडे असते.

अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ ही पदवी घेऊ पाहणाऱ्या भारतीय परिचारिकेला सहसा आधी एनसीएलईएक्स परीक्षा देऊन तिथला परवाना मिळवावा लागतो.