रणजीचं रण : पाच धावांची आघाडी

विदर्भाचे माजी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या शिस्तीवर या आठवड्यात लिहीन, असं म्हटलं होतं. ते पुढच्या खेपेला. कारण गेल्या भागातल्या एका वाक्यावर राजापूरहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न काही पाठ सोडत नाही. ते विचारतात, ‘विदर्भाला पहिल्या डावात जेमतेम पाच धावांची आघाडी मिळाली, तिचं एवढं कौतुक कशाला? शेवटी सामना ७८ धावांनी जिंकलाच ना?’

प्रश्न रास्त आहे. आपल्या कोकणात मे महिन्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तिथे षटकं संपली की निकाल लागतो. रणजीच्या अंतिम सामन्यात पाच दिवस संपूनही निकाल लागला नाही, तर करंडक पहिल्या डावात पुढे असलेल्या संघाला मिळतो. त्यामुळे ज्याच्याकडे आघाडी, त्याला सामना नुसता वाचवला तरी चालतं. दुसऱ्याला मात्र जिंकावंच लागतं.

आता ५ फेब्रुवारी २०१९, नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भ-सौराष्ट्र अंतिम सामन्याचा तिसरा दिवस डोळ्यांसमोर आणा. अक्षय कर्णेवारने तळाला येऊन नाबाद ७३ काढल्या, म्हणून विदर्भाने ३१२ पर्यंत मजल मारलेली. सौराष्ट्राचा सलामीवीर स्नेल पटेल १०२ करून परतलेला. नववा गडी पडला तेव्हा धावा २४७, म्हणजे अजून ६५ ची पिछाडी. खेळपट्टीवर कर्णधार जयदेव उनाडकट आणि अकराव्या क्रमांकाचा चेतन साकरिया, दोघेही गोलंदाज. या जोडीने साठ धावा जोडल्या! उनाडकट ४६ वर बाद झाला, साकरिया २८ वर नाबाद राहिला. सगळे बाद ३०७.

आणखी सहा धावा झाल्या असत्या, तर जिंकण्याची सक्ती विदर्भावर आली असती. त्या झाल्या नाहीत, म्हणून दुसऱ्या डावात विदर्भाला घाई करायचं कारण उरलं नाही. सौराष्ट्राच्या धर्मेंद्रसिंह जडेजाने सहा गडी टिपले, तरी आदित्य सरवटेने ४९ धावांची चिवट खेळी करून संघाला दोनशेपर्यंत नेलं. लक्ष्य २०६ चं. चौथ्या दिवसअखेर सौराष्ट्र ५ बाद ५८. चेतेश्वर पुजाराला सरवटेनेच पहिल्या डावात एकावर आणि दुसऱ्या डावात शून्यावर बाद केलं. पाचव्या दिवशी १२७ वर डाव आटोपला. सामन्यात सरवटेचे अकरा बळी. निकाल लागला, म्हणून आघाडीच्या नियमाला काम पडलं नाही. पण तिसऱ्या दिवशीचा एकेक चेंडू दोन्ही संघ त्या नियमाकडे बघूनच खेळले होते.

नियमाला काम पडलं ते हा सामना संपल्यानंतर नवव्या दिवशी, त्याच मैदानावर. इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध विदर्भाकडे पहिल्या डावाची ९५ धावांची आघाडी होती. शेवटच्या दिवशी २८० चं लक्ष्य होतं आणि विदर्भ ५ बाद २६९ वर पोचला होता. अकरा धावा हव्या असताना दोन्ही संघांनी हात मिळवले, कारण करंडक विदर्भाचा झालेलाच होता.

आणि २०२५ चा केरळ! तोवर एकदाही अंतिम फेरी न गाठलेला संघ. उपांत्यपूर्व सामना आपल्या पुण्यात, गहुंज्याला. जम्मू-काश्मीरच्या २८० ना उत्तर देताना केरळ ९ बाद २००. सलमान निझारने नाबाद ११२ करताना बेसिल थंपीला साथीला घेऊन शेवटच्या गड्यासाठी ८१ जोडल्या. आघाडी एका धावेची. सामना अनिर्णित राहिला आणि तेवढ्यावर उपांत्य फेरी! तिथे केरळच्या ४५७ समोर गुजरात ९ बाद ४५५. अर्झान नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. २०१७ चा नियमबदल झाला नसता, तर हा झेल ग्राह्यच धरला नसता. दोन धावांची आघाडी, अंतिम फेरी! आणि गोलंदाज कोण? आपला आदित्य सरवटे, तेव्हा केरळकडून खेळणारा. पुढे नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाने ३७९ विरुद्ध ३४२ अशी आघाडी घेतली, सामना अनिर्णित राहिला आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला.

या नियमाने खेळ संथ होतो, असा आक्षेप घेतात. काही सामन्यांत तो होतो, हे खरं. पण ज्या संघाकडे नावाजलेले फलंदाज नाहीत, त्याला मोठ्यांशी बरोबरी करायची वाट याच नियमाने खुली ठेवली आहे. कर्णेवार, साकरिया, थंपी यांच्या धावांना शतकाचं मोल येतं ते त्यामुळेच. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : गोलंदाजांना नेटमध्ये अंधार पडायच्या वेळी पाच चेंडू देऊन उरकू नका. त्यांनाही पॅड बांधून पुरता अर्धा तास खेळवा. आपल्या पोरांना पुढे महाराष्ट्राकडून खेळायचं आहे आणि महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये.

पंडित सर पुढच्या आठवड्यात, नक्की.