कॅमेऱ्यातली कुलूपबंद सोय

लग्नाच्या शूटिंगचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांना हा अनुभव नवा नाही. अंबाजोगाईच्या एखाद्या मंगल कार्यालयात निकाहचा खुतबा सुरू असतो, कॅमेरा स्टँडवर लावून शूटिंगवाला दुसऱ्या बाजूला फोटो घेत असतो. तेवढ्यात व्हिडिओ आपोआप बंद पडतो. 29 मिनिटे 59 सेकंद झालेली असतात! लक्षात येईपर्यंत इजाब-कबूल होऊन गेलेले असते, आणि तो क्षण काही पुन्हा मिळत नाही. व्ही.एच.एस.च्या जमान्यात तीन तासांची कॅसेट घातली की संपेपर्यंत चालायची, असे जुने कारागीर म्हणतात, ते चुकीचे नाही.

वास्तविक पाहता कॅमेऱ्यात बिघाड नसतो. युरोपीय संघाच्या जकात नियमांत अर्धा तास सलग चित्रण करू शकणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ गणला जाई व त्यावर जादा कर बसे. तो टाळण्यासाठी कंपन्यांनी एक सेकंद आधीच कुलूप लावले. कर युरोपातला, पण कुलूप पुष्कळ मॉडेलांतून आपल्याकडेही आले. 2015 च्या जागतिक करारानंतर हा कर टप्प्याटप्प्याने हटवण्याचे ठरले, त्यामुळे अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा नाही. पण आपल्या बाजारात हातोहात फिरतात ते जुने कॅमेरे, आणि त्यांत ती आहे.

कुलूप असते फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत कायम बसवलेल्या आज्ञावलीत. ते उघडण्याचे काम जगभरच्या हौशी जाणकारांनी केले आहे. पॅनासोनिकचा आरशाविना चालणारा, म्हणजे मिररलेस, जीएच 1 हा कॅमेरा 2009 साली आला. पुढच्याच वर्षी विताली किसेलेव्ह या रशियन प्रोग्रामरने त्याचे फर्मवेअर बदलण्याचे साधन तयार केले. त्याने वेळेची मर्यादा तर गेलीच, शिवाय कंपनीने सेकंदाला सुमारे 17 मेगाबिटवर अडवलेला व्हिडिओ कितीतरी वर नेता आला. झाडाची पाने हलली की चित्रात होणारा चिखल त्यामुळे कमी झाला. कॅननसाठी 2009 पासून ‘मॅजिक लँटर्न’ आहे. त्यात आवाजाची पातळी पडद्यावर दिसते. ते कार्डावरून चालते, मूळ फर्मवेअर पुसत नाही. कॅननच्या मिररलेस ईओएस एम वरही ते चालले. सोनीच्या ए 6000, ए 7 एस यांसारख्या मॉडेलांसाठी ‘ओपनमेमरीज’ आहे. जपानच्या बाजारातून आलेल्या ज्या कॅमेऱ्यात फक्त जपानी भाषा दिसते, त्यात याने इतर भाषाही येतात, आणि पाल व एनटीएससी यांतली निवडही उघडते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे एनटीएससीच्या शूटिंगमध्ये ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. हे ज्याने भोगले त्यालाच या सोयीची किंमत कळेल. मात्र 2018 च्या ए 7 थ्री सारख्या नंतरच्या मॉडेलांवर हे साधन चालत नाही.

इतके वाचून कोणी आजच कार्ड घालायला बसेल, म्हणून पुढचे लिहितो. फर्मवेअर बदलताना बॅटरी मध्येच संपली, किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाइल पडली, तर कॅमेरा कायमचा गप्प होऊ शकतो. कंपनी मग वॉरंटी नाकारू शकते. कॅमेरा पुण्या-मुंबईला पाठवून परत येईपर्यंत लग्नसराई उलटून जाते, आणि घेतलेला बयाणा परत करण्याची वेळ येते. शिवाय सगळीच कुलपे कराची नसतात. काही उष्णतेची असतात. वैशाखातल्या मांडवात तासभर सलग चालवलेला कॅमेरा तापून स्वतःच बंद होतो, तिथे फर्मवेअर काय करणार? कार्डाचा वेग कमी असेल तर वाढवलेला व्हिडिओ मध्येच तुटतो. काही कुलपे तर कंपनीच पैसे घेऊन उघडते. पॅनासोनिकने 2015 मध्ये जीएच 4 साठी व्ही-लॉग ही सोय अशीच विकली.

आमचे मत असे की, ज्या कॅमेऱ्यावर घर चालते त्याला सीझनमध्ये हात लावू नये. वॉरंटी संपलेला जुना, दुसरा कॅमेरा घ्यावा, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत त्यावर प्रयोग करावा, आणि घरीच दोन तास सलग चालवून पाहिल्याशिवाय तो लग्नात नेऊ नये. नव्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढण्याआधी हे करून पाहायला हरकत नाही. निदान स्टँडवरचे काम त्याने भागते.

जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीत असलेल्या व्यापारी बंधूंना मात्र एक सांगणे आहे. फर्मवेअर बदललेला कॅमेरा बाहेरून तसाच दिसतो. गिऱ्हाइकाला ते न सांगता विकणे म्हणजे मालातला ऐब लपवणे होय. बिलावरच ‘फर्मवेअर बदललेले’ असे लिहावे व मूळ फर्मवेअरची फाइल कार्डात घालून द्यावी. घेणाऱ्यानेही पैसे मोजण्याआधी दुकानातच अर्ध्या तासाहून अधिक रेकॉर्डिंग लावून ठेवावे, तेवढ्यात चहा होतो.