जुना ट्रक घेतला, दोन लाख खर्चून नीट केला, विकला... तरी तोटा कसा होतो?

कोल्हापुरात जुनी गाडी नवी करायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरात लेथपासून पाट्यांपर्यंत सगळी कामं होतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीमुळे मालवाहतूक बारमाही, त्यात ऊस. म्हणून 'एखादा जुना सहा टायर घ्यायचा, काम करायचं आणि विकायचा' हा विषय कट्ट्यावर कायम निघतो.

हिशोब बहुतेक जण असा करतात. समजा, ट्रक 6 लाखांना घेतला. इंजिन काम, टायर, हौदा, रंग मिळून 2 लाख. फिटनेस, विमा, कर असे कागदाचे 60 हजार, एजंटाचे 20 हजार. एकूण 8 लाख 80 हजार. 9 लाख 30 हजाराला विकला की 50 हजार सुटले.

सुटले का? तुम्ही जीएसटी नोंदणी असलेले व्यावसायिक असाल तर नाही.

जानेवारी 2025 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रीवर 18 टक्के जीएसटी आहे. ट्रकसाठी तो आधी 12 होता. हा कर पूर्ण किमतीवर नसतो, मार्जिनवर असतो. सोशल मीडियावर तेव्हा यावरून बराच गोंधळ झाला होता. नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःची गाडी विकली तर हा कर लागत नाही.

खरी मेख 'मार्जिन' या शब्दात आहे. मार्जिन म्हणजे तुमचा नफा नव्हे. विक्री किंमत वजा खरेदी किंमत, बस्स. (गाडीवर आयकरात घसारा घेतला असेल तर खरेदी किमतीच्या जागी घसारा वजा करून उरलेली किंमत धरतात.) मिस्त्रीला दिलेले 2 लाख त्यातून वजा होत नाहीत. म्हणजे वरच्या व्यवहारात मार्जिन 3 लाख 30 हजार आणि त्यावर कर 59,400. नफा धरला होता 50 हजार. 9,400 खिशातून गेले.

शिवाय गाडी दारात उभी राहिली तर पैशाचं व्याज चालूच. महिना दीड टक्का धरला तरी 8 लाख 80 हजारांवर 13,200 रुपये.

म्हणून हिशोब उलटा करावा लागतो. तुमचा खर्च किती झाला याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं. तो बघतो की तशीच दुसरी गाडी कितीला मिळतेय. बाजारात 9 लाख 30 हजार येणार असतील तर तिथून मागे या. 50 हजार नफा, 2 लाख 80 हजार खर्च आणि मार्जिनवरचा कर काढला की खरेदीसाठी उरतात साधारण 5 लाख 27 हजार. 6 लाखांना मागत असेल तर हात जोडायचे. नफा विकताना नाही, घेतानाच ठरतो.

आता बाजार किती देईल हे कसं कळणार?

वरची मर्यादा नवीन ट्रक ठरवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. करासकट 25 लाखांचा ट्रक, मूळ किंमत तीच राहिली तर, दोन लाखांच्या आसपास स्वस्त. त्याचा दाब जुन्या गाडीवर येणारच. 2024 मधला भाव डोक्यात ठेवून आज गाडी घेणारा इथेच फसतो.

दुसरं वय. मालवाहू गाडीचं पासिंग 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, नंतर दरवर्षी. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने जुन्या गाड्यांची फिटनेस फी वाढवली. 20 वर्षांपुढच्या जड ट्रकला ती 25,000 रुपये आहे. विमा वेगळा: 12 ते 20 टनांच्या ट्रकचा नुसता थर्ड पार्टी हप्ता 2022 च्या दराने 35,313 रुपये, वर जीएसटी. त्यामुळे ताजं पासिंग आणि चालू विमा असलेल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त देतो. ते त्याचेच वाचलेले पैसे असतात.

रंगाचं मात्र उलट आहे. नवाकोरा रंग दिसला की जाणता माणूस आधी वाकून चेसिसला वेल्डिंग आहे का ते बघतो. उसाच्या ओव्हरलोडवर राबलेल्या गाडीत तर नक्कीच. माझं मत विचाराल तर रंगाचे पैसे टायरवर घाला आणि इंजिन कामाची बिलं जपून ठेवा.

वेळेचं बोलायचं तर गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. ऊसवाल्याला गाडी त्याआधी पासिंगसह हवी असते. मार्चमध्ये तीच गाडी घेऊन बसलात तर तो भाव पाडणार.

राहिला कागद. फॉर्म 29 आणि 30, गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म 35. धंदाच करायचा असेल तर 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. 'नाव नंतर चढवतो' म्हणणाऱ्याला चावी देऊ नका. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रकार आला. विमा नसलेली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकत गेली होती, आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली.