फेसाचा माग, प्रकाशाची नजर

जहाज पुढे निघून जाते आणि त्यामागची फेसाळ रेघ थोड्याच वेळात विरली, असे काठावरच्या माणसास वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. पंख्याने घुसळलेल्या पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडले जातात. मोठे बुडबुडे लगेच वर येऊन फुटतात. सूक्ष्म मात्र रेंगाळतात. व्यास दहापटीने घटला की वर चढण्याचा वेग सुमारे शंभरपटीने मंदावतो. १०० मायक्रॉन व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढतो. जहाज दूर गेले तरी त्याचा माग पाण्यात राहतो, तो यामुळेच.

हा माग हुडकण्याचे काम आजवर प्रामुख्याने ध्वनिलहरींनी केले. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियाने असा माग धरून जहाज गाठणारे टॉर्पेडो बनविले. जहाजाच्या आवाजाची नक्कल करून त्यांना चकविणे अवघड. आता त्याच कामी लेसर योजण्याचे प्रयत्न होत आहेत. निळा-हिरवा प्रकाश समुद्रात सर्वाधिक खोल शिरतो. बुडबुड्याच्या पृष्ठावर सुमारे ४९ अंशांहून अधिक तिरका पडलेला किरण पूर्णपणे परावर्तित होतो. विखुरलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती गेला, हे मोजले की बुडबुड्यांचा आकार व संख्या यांचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी लागणारे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ मध्येच मांडून ठेवले होते.

प्रकाशाचे प्रकीर्णन आपल्याला परके नाही. १९२१ मध्ये युरोपातून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जहाजावरूनच समुद्राच्या निळाईचा शोध घेतला आणि पाण्याच्या रेणूंकडे बोट दाखविले.

तथापि प्रयोगशाळेच्या हौदातील निर्मळ पाणी वेगळे आणि पावसाळ्यातील कोकणची खाडी वेगळी. गाळाचे कण आणि प्लवक हेही प्रकाश विखुरतात. त्यांतून बुडबुडे निवडणे हीच खरी कसोटी. परदेशी उपकरण विकत घेता येईल, पण आपल्या पाण्याच्या नोंदी विकत मिळणार नाहीत. त्या आपणच घ्यावयास हव्यात. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे. किनाऱ्यावरील महाविद्यालयांतही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहेत.

शिवाय हे ज्ञान केवळ युद्धाचे नव्हे. लाटांनी कोंडलेले बुडबुडे हवेतील वायू समुद्रात पोहोचवितात. हवामानाच्या अभ्यासाला त्यांची मोजदाद हवीच आहे. जे मोजमाप शस्त्राच्या कामी येते, तेच पृथ्वीचा श्वास मोजण्याच्याही कामी येते. पहिल्या कामासाठी पैसा आपोआप उभा राहतो. दुसऱ्यासाठी मात्र समाजाने आग्रह धरावा लागतो.